गाडी किती धावली आणि किती धावणार

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात तेव्हा जाणता खरेदीदार पोत्याच्या वरच्या थराकडे पाहून भाव बोलत नाही. तो पोत्यात कोपरापर्यंत हात घालतो, तळाचे हळकुंड वर काढतो, मोडतो आणि आतला रंग पाहतो. पॉलिश केलेल्या हळकुंडाची चकाकी कोणालाही भुलवू शकते. मोडलेले हळकुंड सहसा फसवत नाही. पिढ्यान् पिढ्या हे शहाणपण अंगी मुरलेली माणसेसुद्धा जुने वाहन घ्यायला निघाली की मात्र एकच प्रश्न विचारतात : "रनिंग किती?" आकडा लहान असला तर गाडी चांगली, मोठा असला तर वाईट, एवढा सोपा न्याय त्या क्षणी त्यांना पुरेसा वाटतो.

२०२५ च्या दिवाळीच्या मागेपुढे सांगलीतील एका अडत व्यापाऱ्याच्या घरी हा प्रश्न जवळजवळ दोन महिने मुक्कामाला होता. घरचे कर्ते ५८ वर्षांचे. घरात आणि पेठेत त्यांना सगळे आप्पा म्हणतात. तरुणपणी मित्राच्या येझ्दीवर त्यांनी कोल्हापूर, निपाणी, बेळगाव असे फिरून घेतले होते. पुढे दुकान आले, जबाबदाऱ्या आल्या, आणि पेठ ते मार्केट यार्ड एवढीच फेरी उरली, तीही स्कूटरवर. आता मुलगा दुकान समर्थपणे पाहू लागला होता. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बांधलेली, सामान लादता येईल, दिवसभर बसले तरी कंबर मोडणार नाही अशी एक मोटरसायकल घ्यावी आणि श्रवणबेळगोळला स्वतः चालवत जावे, अशी त्यांची इच्छा होती. सांगलीहून ते अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास भरते.

ही इच्छा त्यांच्या मनात साताऱ्याच्या व्याह्यांमुळे रुजली होती. व्याह्यांना सगळे अण्णा म्हणतात. मोती चौकाच्या बाजूला त्यांचे कापडाचे दुकान आहे. अण्णांनी जानेवारी २०१८ मध्ये रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन घेतली आणि त्याच फेब्रुवारीत महामस्तकाभिषेकासाठी तिच्यावरून ते श्रवणबेळगोळला जाऊन आले. त्यानंतर पावणेआठ वर्षांत त्यांनी ती ८२,००० किलोमीटर चालवली. २०२५ मध्ये त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी वजनदार गाडीला मनाई केली. ती गाडी आता विकायची होती.

अशा प्रकारे आप्पांसमोर पहिला पर्याय आपोआपच आला होता. पण ८२,००० हा आकडा ऐकून घरात सर्वांच्याच भुवया वर गेल्या. मुलगा म्हणाला, "आप्पा, एवढ्या रनिंगची गाडी म्हणजे दुसऱ्याची झीज आपण पैसे देऊन घरी आणायची."

त्यामुळे आधी कमी रनिंगची गाडी शोधणे सुरू झाले, आणि ती सांगलीतच मिळाली. दुसऱ्या बनावटीची, तीही २०१८ चीच, रनिंग अवघे १४,०००, रंग नव्यासारखा, किंमत बाजारभावापेक्षा बरीच खाली. मुलाला ती एकदम पसंत पडली. आप्पांनी मात्र नेहमीच्या सवयीने हळकुंड मोडून पाहायचे ठरवले आणि ओळखीच्या मिस्त्रीला सोबत नेले. मिस्त्रीने इंजिन सुरूसुद्धा केले नाही. त्याने सीट काढली, पुढचा दिवा उघडला, वायरिंगचे जोड सोडवले आणि बोट आत फिरवून बाहेर काढले. बोटाला वाळलेला, पिठासारखा बारीक काळा गाळ होता. चाकांचे स्पोक जिथे रिमला बसतात तिथे रंगाखाली गंज होता.

सांगलीकराला त्या गाळाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. मारुती चौक, गणपती पेठ, शामरावनगर अशा भागांत दिवसेंदिवस पाणी उभे होते आणि घरांच्या तळमजल्यांतून, दुकानांच्या बोळांतून असंख्य दुचाकी त्यात बुडाल्या. जुलै २०२१ मध्ये नदीने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. अशा गाड्यांपैकी काही भंगारात गेल्या, काही धुऊन, सुकवून, रंगवून पुन्हा रस्त्यावर आल्या. इंजिन उघडून नीट साफ केले तर ते चालते. पण वायरिंगच्या जोडांत आणि बेअरिंगांत शिरलेला गाळ आपले काम सावकाश करत राहतो. शिवाय जी गाडी वर्षानुवर्षे नुसती उभी राहते तिचे ऑइल सील कोरडे पडून तडकतात, टाकीत आतून गंज धरतो, टायर न झिजताच कडक होतात. अशा गाडीचे कमी रनिंग म्हणजे जपणूक असेलच असे नाही. कधी कधी तो नुसता आजारपणाचा काळ असतो. विकणाऱ्या गृहस्थांना पुराची गोष्ट ठाऊक होती की नव्हती, हे कळले नाही. आप्पांनी ते विचारलेही नाही. "आमचा विचार बदलला," एवढे म्हणून ते नमस्कार करून निघाले.

मग मुलाने नव्या गाडीचा विषय काढला. अण्णांच्या गाडीचे ते ४११ सीसीचे मॉडेल २०२३ च्या अखेरीस मागे पडून तिच्या जागी ४५२ सीसीची नवी हिमालयन आली आहे. जुन्या गाडीची ताकद सुमारे २४ अश्वशक्ती, नवीची सुमारे ४०. जुनीचे इंजिन हवेवर आणि ऑइलवर थंड होणारे, नवीचे पाण्यावर. नवीला तीन वर्षांची हमी आणि दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना ही यंत्रणा नव्या मॉडेलसाठी १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलसाठी १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. अण्णांची गाडी जानेवारी २०१८ ची. तिला एबीएस नव्हते. पुढे सगळी चर्चा शेवटी या एका वाक्यापाशी येऊन थांबू लागली.

किमतीचा भाग व्यापारी घराला लगेच उमजणारा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्यावरच्या गाडीवर पूर्वी २८ टक्के कर आणि ३ टक्के उपकर मिळून ३१ टक्के होते, ते ४० झाले. म्हणजे कंपनीची मूळ किंमत तीच राहिली तर लहान गाडी पावणेआठ टक्क्यांच्या आसपास स्वस्त आणि मोठी जवळजवळ सात टक्क्यांनी महाग. नवी हिमालयन रोड टॅक्स, विमा यांसह रस्त्यावर यायला घरच्या अंदाजाप्रमाणे ३,७५,००० रुपये लागणार होते. "दुकानाच्या नावाने घेतली तर कराची वजावट मिळेल का?" हा प्रश्नही निघालाच. माणसांच्या वाहतुकीसाठी घेतलेल्या अशा वाहनावर इनपुट क्रेडिट मिळत नाही, असे त्यांच्या कर सल्लागाराने एका वाक्यात सांगितले आणि तो विषय तिथेच संपला.

नवे वाहन घेताच किती उतरते, हे विम्याच्या तक्त्यात स्पष्ट लिहिलेले असते. विमा कंपनी गाडीचे मूल्य पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के घसरलेले धरते. हा तक्ता म्हणजे बाजारभाव नव्हे. पण पहिल्या मालकाच्या खिशातून काय जाते याची कल्पना त्यावरून येते. जुनी गाडी घेणारा त्या उताराच्या पायथ्याशी उभा असतो.

शोरूममध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात आली, जी कोणत्याही माहितीपत्रकावरून आली नसती. आप्पांची उंची बेताची. नव्या गाडीची सीट ८२५ मिलिमीटरवर, जुनीची ८०० वर. फरक अवघ्या इंचाचा. पण नवीवर बसल्यावर आप्पांचे नुसते चवडे जमिनीला लागत होते. १९० किलोच्या पुढचे वजन, त्यावर सामान, उताराचा रस्ता आणि टेकलेले फक्त चवडे, ही अठ्ठावन्नाव्या वर्षी दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नव्हती.

दिवाळीनंतर आप्पा आणि मुलगा साताऱ्याला गेले. गाडी अंगणात झाकून ठेवलेली होती. अण्णांनी आधी झाकण काढले नाही. आधी कपाटातून एक लांबट वही काढली. ८२,००० किलोमीटरांचा सगळा हिशेब त्या वहीत होता. दर पाच हजारांना बदललेले इंजिन ऑइल. चेन-स्प्रॉकेट तीन वेळा : २४,०००, ४७,००० आणि ७१,००० वर. क्लचप्लेट ५२,००० वर. टॅपेट कधी तपासले, बॅटरी कधी बदलली, कोणत्या पंपावर पेट्रोल भरले आणि एव्हरेज किती पडले. त्याच वहीत २०२० च्या पावसाळ्यातली एक नोंद होती : आंबेनळी घाटात ओल्या रस्त्यावर जोराचा ब्रेक, मागचे चाक घसरले, गाडी डाव्या अंगावर पडली, फूटरेस्ट वाकला, मनगटाला पंधरा दिवस पट्टी.

मुलाने ती नोंद दोनदा वाचली आणि वही वडिलांकडे सरकवली. आप्पांनीही वाचली. दोघांनी त्यातून वेगवेगळे निष्कर्ष काढले. मुलाला त्यात एबीएस नसण्याची किंमत दिसली. आप्पांना त्यात वहीचा खरेपणा दिसला. ज्या ताळेबंदात तोट्याची बाजूही मालकाच्या हाताने लिहिलेली असते, त्यावर कर्ज देणाराही अधिक विश्वास ठेवतो. मीटर मागे फिरवता येते. आठ वर्षांची वही एका रात्रीत लिहिता येत नाही. दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि हीच खरी अडचण होती.

घरी परतल्यावर मुलाने रीतसर हिशेब मांडला. पाच वर्षे, वर्षाला ८,००० किलोमीटर, म्हणजे एकूण ४०,०००. नवी गाडी ३,७५,००० ला घेतली आणि पाच वर्षांनी १,८०,००० ला गेली तर घट १,९५,०००. किलोमीटरमागे ४ रुपये ८८ पैसे. जुनी ९०,००० ला घेतली, सुरुवातीलाच ३५,००० चे काम केले, पुढे आणखी ३०,००० लागले आणि शेवटी ४५,००० ला गेली तर खर्च १,१०,०००. किलोमीटरमागे २ रुपये ७५ पैसे. शिवाय नव्या गाडीत जे अडीच लाख जास्त अडकतात त्यांचे मुदतठेवीच्या ७ टक्क्यांनी सरळव्याज पाच वर्षांत ८७,५००. पेट्रोल आणि विमा दोन्हीकडे सारखाच धरला. एकूण फरक १,७२,५००, वर्षाला ३४,५००, दिवसाला सुमारे ९५ रुपये.

"रोजचे ९५ रुपये," मुलगा म्हणाला. "एवढ्यात जर एबीएस, हमी आणि आमची झोप मिळत असेल तर महाग आहे का?"

त्या हिशेबात आकड्यांची चूक नव्हती. चूक काढली ती त्याच्या आईने, आणि ती बेरजेतली नव्हती. त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढली. "वर्षाला आठ हजार हे कुठून आलं?" त्यांनी विचारले. मग एकेक महिना घेतला. जानेवारीपासून मेपर्यंत नव्या हळदीची आवक; त्या काळात आप्पा यार्ड सोडून कुठे जात नाहीत, हे घरातल्या लहान मुलालाही माहीत. जून ते सप्टेंबर पाऊस. त्यातच चातुर्मास आणि पर्युषण. पुढे दिवाळी आणि वह्यापूजन. नंतर लग्नसराई, त्यात नात्यातली किमान चार लग्ने. हे सगळे वजा जाता दिनदर्शिकेवर त्यांनी पेन्सिलीने खुणा केलेले दिवस उरले २२. दिवसाला सरासरी २०० किलोमीटर धरले तरी ४,४०० होतात.

"पाच वर्षांत २२,०००," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुझा तो फरक किलोमीटरला जवळजवळ आठ रुपयांवर गेला. आणि अहो, या २२ दिवसांतले किती दिवस तुम्ही खरंच गाडी बाहेर काढाल? पहिल्या वर्षी काढाल. तिसऱ्या वर्षी?"

आप्पा काही बोलले नाहीत. कारण या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. गाडी किती धावली, हे मीटर सांगते, वही सांगते, मिस्त्रीचे बोट सांगते. माणूस किती धावणार, हे सांगणारे मीटर कोणत्याही कंपनीने बसवलेले नसते. नवी की जुनी या वादातला सर्वांत मोठा अनिश्चित आकडा गाडीच्या भूतकाळात नसून चालवणाऱ्याच्या भविष्यकाळात असतो, आणि तोच आकडा सगळे जण गृहीत धरतात. हौसेने घेतलेली आणि दोन वर्षांत जेमतेम तीन हजार किलोमीटर चाललेली मोटरसायकल प्रत्येक पेठेत एखादी तरी असते. तिच्या मालकाने गाडी वाईट निवडलेली नसते. स्वतःचा अंदाज चुकवलेला असतो.

इथून निर्णयाची दिशा बदलली. पावणेचार लाख घालण्याआधी स्वतःच्या इच्छेचे हळकुंड मोडून पाहावे, असे ठरले. जुनी गाडी हा त्या इच्छेचा नमुना. दोन वर्षे ती चालवायची, किती चालते ते लिहून ठेवायचे आणि मग पुढचे ठरवायचे.

पण साताऱ्याची गाडी घेणे म्हणजे मुलीच्या सासरशी व्यवहार करणे, आणि इथे मोटरसायकलपेक्षा अवघड प्रश्न उभा राहिला. अण्णांनी किंमत विचारताच हात जोडले. "आप्पा, तुमच्याकडून पैसे कसले घ्यायचे? घेऊन जा." आप्पांना ते शक्य नव्हते. लेकीच्या घरून काही घ्यायचे नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा दंडक. फार आग्रह झाला तेव्हा अण्णा ४०,००० वर आले. आप्पा म्हणाले, "बाजारात तिला एक लाख दहा मिळतील, तेवढे मी देतो." म्हणजे विकणारा भाव पाडत होता आणि घेणारा चढवत होता. असा सौदा दिसायला गोड असतो. आत मात्र धोका असतो. कमी पैशात घेतलेली गाडी उद्या दुरुस्तीला आली तर घेणाऱ्याला बोलता येत नाही. जास्त पैसे देऊन घेतलेली गाडी बिघडली तर विकणाऱ्याला रात्रभर डोळा लागत नाही. आणि मधे जी लेक आहे, तिला दोन्हीकडचे मौन सोसावे लागते. तिनेच फोनवर सांगितले, "आप्पा, तुम्ही दोघं भाव ठरवू नका. तिसऱ्याला ठरवू द्या."

तिसरा निघाला तो कऱ्हाडचा एक जुना मेकॅनिक. सांगली आणि सातारा यांच्या मधले गाव आणि दोन्ही घरांशी नाते नसलेला माणूस. त्याने एकच अट घातली : गाडी आदल्या रात्रीच आणून ठेवायची आणि सकाळी तो येईपर्यंत कोणी सुरू करायची नाही. सकाळी त्याने आधी इंजिनवर हात ठेवून ते गार असल्याची खात्री केली, कारण गरम इंजिन आपले बरेच दोष लपवते. मग गाडी सुरू केली, टॅपेटचा आवाज ऐकला, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का ते पाहिले. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. गाडी स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलले आणि हँडल दोन्ही बाजूंना सावकाश फिरवले. मध्यावर ते किंचित अडकत होते, म्हणजे कोनसेट गेला होता. पुढच्या शॉकअपच्या सीलमधून ऑइल पाझरत होते. टायरवरचे चार आकडे वाचून ते कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनले ते सांगितले. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिले. पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलायला सांगितल्या, कारण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि ही गाडी त्या आधीच्या काळातली. आपल्याच भागातल्या उसाचे ते इथेनॉल, पण जुन्या रबराला ते मानवेलच असे नाही.

इंजिन निरोगी होते. मेकॅनिकने दोन कागद लिहिले. एकावर गाडीची किंमत ८५,००० रुपये. दुसऱ्यावर कामाची यादी : कोनसेट, शॉकअपचे सील, चेन-स्प्रॉकेट, क्लचप्लेट, दोन्ही टायर, ब्रेकचे पॅड आणि नळ्या, पेट्रोलच्या नळ्या, एकूण ३२,०००. दोन्ही मिळून १,१७,०००. मुलाच्या अंदाजापेक्षा आठ हजार कमी. ही किंमत दोन्ही बाजूंनी न बोलता मान्य केली, पैसे चेकने दिले आणि दोन्ही कागद दोन्ही घरी राहिले. नात्यात व्यवहार करू नये असे जुनी माणसे सांगत. करायचाच असेल तर अनोळखी माणसाशी करतो त्यापेक्षा अधिक काटेकोर करावा, एवढाच त्या सांगण्याचा आजचा अर्थ आहे.

एबीएसचा प्रश्न मात्र कोणत्याच कागदावर सुटलेला नव्हता. आदल्या रात्री दुकान बंद करताना मुलगा वडिलांना म्हणाला होता, "आप्पा, उधारीचं तुम्हीच मला शिकवलंत. शंभर गिऱ्हाइकांचा नफा एका बुडीत खात्यात जातो. इथं बुडीत खातं म्हणजे काय, ते मला तोंडाने बोलायचं नाही."

आप्पांनी त्याला खोडून काढले नाही. "तुझं खरं आहे," ते म्हणाले. "जुनी गाडी नवीइतकी सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही. पण नव्या गाडीवर माझे पाय पुरत नाहीत, आणि चाळीस अश्वशक्ती मला आज झेपेल असंही वाटत नाही. तू अटी सांग."

मुलाने अटी सांगितल्या आणि त्या लिहून घेतल्या गेल्या. पावसात गाडी काढायची नाही. अंधार पडल्यावर घाट नाही. चांगले हेल्मेट, जाकीट आणि हातमोजे पहिल्याच दिवशी. अण्णांनी आपली एक अट जोडली : आंबेनळी घाटात ते स्वतः जे शिकले ते आप्पांनी मोकळ्या मैदानावर शिकावे, मगच गाडी न्यावी. त्याप्रमाणे साताऱ्यात तीन दिवस सकाळी काठी टेकत अण्णा मैदानाच्या कडेला उभे राहिले आणि आप्पा पुढचा आणि मागचा ब्रेक सावकाश, चढत्या दाबाने कसा धरायचा ते पुन्हा पुन्हा करत राहिले. शेवटची अट पैशांची होती. नवी गाडी न घेतल्याने वाचलेले अडीच लाख दुकानात फिरवायचे नाहीत. दोघांच्या नावे दोन वर्षांच्या मुदतठेवीत ठेवायचे. दोन वर्षांत वहीत ८,००० किलोमीटर भरले तर त्या पैशांतून ३५० सीसीच्या आतली, कमी उंचीची, एबीएस असलेली नवी गाडी घ्यायची. नाही भरले तर ठेव पुढे चालू आणि विषय बंद.

कागदपत्रांत त्यांनी कसूर केली नाही, आणि हा भाग वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावा. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्या. सातारा एमएच ११, सांगली एमएच १०. पण राज्य एकच असल्याने नंबर तोच राहिला. २०१८ च्या गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे जानेवारी २०३३ पर्यंत. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या वाहनांना लागणारी उच्च सुरक्षा नंबरप्लेट अण्णांनी आधीच बसवली होती. थकलेले ई-चलन नव्हते. विक्रीनंतर राज्यांतर्गत व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. अनेक जण कोऱ्या फॉर्मवर सही करून मोकळे होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे की गाडी हातोहात कितीही पुढे गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईसाठी मालक तोच. म्हणजे नाव बदलून घेणे ही विकणाऱ्याच्या हिताचीही गोष्ट आहे. विम्याचेही तसेच. तृतीय पक्षाचे संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे जाते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे आपोआप जात नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीला कळवावे लागते. आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा. तो गाडीबरोबर येत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी सांगलीत आली. संक्रांतीपर्यंत ती पाच दिवस बाहेर निघाली : कुंभोज बाहुबली, स्तवनिधी, दोनदा सातारा आणि एकदा कासचे पठार. वहीत आप्पांच्या अक्षरात १,१४० किलोमीटर नोंदले गेले आहेत, आणि शॉकअपचा एक सील पुन्हा पाझरल्याचे १,२०० रुपयेही. श्रवणबेळगोळ अजून झालेले नाही. हळदीची आवक सुरू झाली. आप्पा गाडी घेऊन निघाले की मुलगा दुकानात दर तासाला फोनकडे पाहतो. त्याची काळजी कमी झालेली नाही, आणि ती कमी व्हावी असा कोणाचा आग्रहही नाही. ठेवीची मुदत डिसेंबर २०२७ मध्ये संपते. नवी गाडी येणार की नाही, हे तेव्हा ती वही उघडून पाहिले जाईल.